तापीकाठचा रस्सा

खान्देशाच्या नकाशात समुद्र कुठेच नाही. भुसावळहून मुंबई रेल्वेने साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, धुळ्याहून सुरत दोनशेच्या वर. तरीही रविवारी सकाळी उन्हं वर आली की हतनूरच्या, गिरणा धरणाच्या, सुलवाड्याच्या रस्त्याला लागलेल्या मोटारसायकली बघाव्यात. त्यांतली बरीच माणसं पाणी बघायला आणि पाण्याकाठी मासा खायला निघालेली असतात. पत्र्याचं नाहीतर पऱ्हाट्यांचं छप्पर, दोन-चार बाजा, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कडुनिंबाची सावली, चुलीवर उकळणारा लालकाळा रस्सा आणि थोड्या अंतरावर पाणी. पाटी असलीच तर तिच्यावर 'ताजे मासे मिळतील' एवढंच लिहिलेलं.

खान्देशी जेवण म्हटलं की शेवभाजी, भरीत, कळण्याची भाकरी, खापरावरचे मांडे यांची नावं निघतात. पाण्याकाठच्या या मासळीचं नाव क्वचितच निघतं, आणि याची मला खरोखर खंत वाटते. खान्देशात मासा खायचा तर तो पाण्याकाठी, त्याच दिवशी निघालेला, आणि ज्याने धरला त्याच्या घरच्या हातांनी रांधलेला खावा, असं माझं ठाम मत आहे. या एका ताटामागे नदी आहे, धरणं आहेत, भोई-कोळी-भिल्ल घरांची मेहनत आहे आणि शास्त्रज्ञांचं काम आहे.

तापी जुनी, पण तिच्यावरचा हा काठ नवा आहे. मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात मुलताईला उगम पावून नदी ७२४ किलोमीटर पश्चिमेकडे वाहते आणि सुरतेपलीकडे खंभातच्या आखाताला मिळते. वाटेत तिला पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, अनेर, पांझरा या नद्या मिळतात. चांगदेवला पूर्णा आणि तापी एकत्र होतात; खाली मुडावदजवळ कपिलेश्वराच्या पायथ्याशी पांझरा येऊन मिळते. पूर्वी या नद्यांना मोठं पाणी असायचं ते पावसाळ्यात. उन्हाळ्यात उरायचे ते डोह, आणि डोहाकाठी मासा धरायचा तो घरापुरता, फार तर आठवडे बाजारापुरता. पहिला पाऊस पडून ओढे वाहू लागले की चढणीचे मासे धरायला अख्खं गाव लोटायचं. पण बारमाही, डोळ्यांत न मावणारं पाणी आणि त्याच्या कडेने वर्षभर चालणारं खाणावळीचं दुकान हे तेव्हा शक्य नव्हतं.

ते शक्य झालं धरणांमुळे. गिरणा धरण १९६९ साली पूर्ण झालं. त्याची भिंत नाशिक जिल्ह्यात नांदगाव तालुक्यात आहे, पण पाण्याचा मोठा लाभ चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्याकडच्या शेतांना होतो. गुजरातेत उकाईचं धरण १९७२ साली उभं राहिलं आणि त्याचं पाणी मागे सरत सरत नवापूर, नंदुरबारच्या शिवारात शिरलं. हा भाग तेव्हा धुळे जिल्ह्यातच होता. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. मग १९८२ साली भुसावळजवळ हतनूर, तापीवर ४१ दरवाजांचं धरण. पुढे वाघूर, अक्कलपाडा, आणि तापीवरच सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा ही बॅरेजेस. तेरा वर्षांच्या अंतरात तीन मोठे जलाशय, आणि समुद्र नसलेल्या मुलखाला एकदम किनारा मिळाला.

हा किनारा फुकट मिळालेला नाही. उकाईच्या पाण्याखाली भिल्ल, मावची, गावित घरांची शेतं गेली. ज्यांची जमीन पाण्यात गेली, त्यांतल्या काहींनी पुढे त्याच पाण्यात जाळं टाकलं. नवापूरच्या बाजारात पाटीतला चकाकणारा कटला बघताना हे विसरून चालत नाही. जमीन गेली त्याची भरपाई मासा करू शकत नाही, हे खरंच. पण त्या माणसांनी पाण्याशी नव्याने नातं जोडलं, ती होडी हाकायला शिकली, आणि त्यांच्यामुळे आपल्याला हे जेवण मिळतं, हेही तितकंच खरं.

काठावर पोचायची खरी वेळ पहाटेची. दुपारी जेवायला येणाऱ्याला अर्धीच गोष्ट दिसते. आदल्या संध्याकाळी तंगुसाची जाळी पाण्यात उभी लावलेली असतात. वर तरंगायला थर्मोकोलचे तुकडे, खाली बुडायला वजन. उजाडायच्या आत माणसं ती काढायला जातात. कुणी लाकडी होडीत, कुणी ट्रकच्या टायरच्या हवा भरलेल्या ट्यूबवर, कुणी थर्मोकोलच्या जाड पाट्यावर मांडी घालून, हातात वल्ह्याऐवजी लाकडी फळकूट. ट्यूबवरचा माणूस जाळ्याची एक कड हातात धरतो आणि तिच्या आधाराने पुढे सरकत जातो. मासा कल्ल्याशी अडकलेला असतो. तो ओढून काढला तर जाळंही फाटतं आणि मासाही; म्हणून एका हाताने मासा मागे ढकलायचा, दुसऱ्या हाताच्या बोटाने धागा कल्ल्यावरून सोडवायचा. थंडीत धुकं असताना, बोटं बधिर झालेली असताना हे काम तासन्‌तास चालतं. उथळ पाण्यात पाग फेकणारा वेगळा. त्याच्या खांद्यावरचं जाळं हवेत गोल उघडतं, कडेच्या शिशाच्या गोळ्या पाण्यावर एकदम पडतात, आणि पुढची दोन-तीन मिनिटं तो फक्त दोरीकडे लक्ष देऊन असतो.

आठ वाजेपर्यंत मासे काठावर येतात आणि वजनकाट्याभोवती गर्दी होते. व्यापाऱ्याच्या बर्फाच्या पेट्या भरतात आणि त्या भुसावळ, जळगाव, धुळ्याच्या बाजाराकडे निघतात. त्याआधी घरासाठी आणि ढाब्यासाठी काही मासे बाजूला निघतात. इथेच खरी मेख आहे. समुद्राची मासळी आपल्याकडे मुंबईहून, गुजरातच्या किनाऱ्यावरून बर्फात येते आणि खान्देशचं ऊन तर सर्वांना ठाऊक आहे. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो. त्या प्रवासात सुरमईचं काय होतं ते चवीला कळतं. धरणकाठचा मासा मात्र सकाळी जाळ्यातून निघतो आणि दुपारी ताटात असतो. मधल्या वेळात त्याने फक्त पन्नास-शंभर पावलं प्रवास केलेला असतो.

कोणता मासा कोणत्या कामाचा, हे इथल्या मावशींना विचारावं. रोहू, कटला आणि मृगळ हे मुख्य. कटल्याचं डोकं मोठं. जाणकार डोक्याचा तुकडा आधीच सांगून ठेवतात, कारण रस्सा त्याच्यावर चढतो. रोहूचं मांस गोडसर, पण त्यात बारीक दुहेरी काटे असतात आणि घाईने खाणाऱ्याला ते महागात पडतात. वाम लांबट, सापासारखी. पाठीचा एक काटा बाजूला केला की उरलेलं सगळं खायचं. तिचे तुकडे तव्यावर कुरकुरीत होतात. मरळ सर्वांत महाग. ती हवेतूनही श्वास घेऊ शकते, त्यामुळे ओल्या गोणपाटात तासन्‌तास जिवंत राहते आणि जिवंतच विकली जाते. काटे कमी, म्हणून बाळंतिणीला आणि आजारातून उठलेल्याला मरळीचा रस्सा द्यायची चाल आहे. शिंगाड्याला खवले नसतात, कातडं असतं. मिशा बघून पोरं घाबरतात आणि चव घेतली की तोच मागतात. पावसाच्या तोंडाला झिंगे मिळाले तर ते सुक्यालाच वापरावेत, रश्श्यात घालून वाया घालवू नयेत.

आणि चिलापी. हा मासा मूळचा आफ्रिकेचा, १९५२ साली भारतात आणलेला. त्याची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं जगण्याचं प्रमाण मोठं, आणि कोणी बीज सोडलं नाही तरी जलाशयात चिलापी वाढत राहते. मासेमार तिच्यावर फार खूश नाहीत, कारण ती इतर माशांच्या वाट्याचं खाते. पण तव्यावरच्या अख्ख्या चिलापीला काटे मोजके, किंमत खिशाला परवडणारी, आणि गरिबाच्या पोराला पोटभर मासा मिळतो तो तिच्यामुळे. मी तिला कमी लेखणार नाही.

आता रस्सा. कोकणातल्या माणसाने इथे नारळाचं दूध आणि कोकम शोधू नये. ही काळ्या मसाल्याची चव आहे. अहिराणीत काळ्याचा 'काया' होतो, म्हणून घराघरांत तो काया मसाला. अख्खा कांदा निखाऱ्यात सालासकट भाजतात. वरची साल कोळशासारखी होते आणि आतला कांदा गोड, मऊ. सुक्या खोबऱ्याची वाटी विस्तवावर धरून काळपट होऊ देतात. धणे, मिरी, लवंग, दालचिनी, तेजपान, दगडफूल थोड्या तेलात परततात. हे सगळं लसूण, आलं, कोथिंबिरीबरोबर पाट्यावर वाटायचं. मिक्सर आला आहे, पण पाट्यावरचं वाटण निराळं लागतं यावर बाया अजून ठाम आहेत.

मासा तोडण्याचं काम बहुतेक ठिकाणी पुरुष करतात, मोठ्या विळ्यावर, राख लावून, म्हणजे हात घसरत नाही. मग तुकडे मीठ-हळद चोळून ठेवतात आणि दोन-तीन पाण्यांनी धुतात. शेवटच्या पाण्यात लिंबू नाहीतर ताक. ही नुसती सवय नाही. गोड्या पाण्यातल्या काही माशांना मातकट वास येतो. पाण्यातले आणि चिखलातले सूक्ष्म जीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, ते माशाच्या अंगात साठतं. पहिल्या पावसानंतर मातीचा जो वास येतो तोही याच द्रव्याचा. आंबटाने त्याचा वास मोडतो. प्रयोगशाळेने हे अलीकडे सांगितलं. ताकाची वाटी घेऊन बसलेल्या बाईला ते आजीपासून माहीत होतं.

कढईत शेंगदाण्याचं तेल सढळ घालतात. वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, मग लाल तिखट, मग उकळतं पाणी. गार पाणी घातलं की तवंग येत नाही. रस्सा खदखदला की अगदी शेवटी तुकडे सोडायचे आणि त्यानंतर कढईत पळी घालायची नाही. कढईचे कान फडक्याने धरून ती गोल हलवायची, म्हणजे तुकडा मोडत नाही. आठ-दहा मिनिटांत चुलीतला जाळ मागे ओढला जातो. वरचा तवंग जाड, लालकाळा. खालचा रस्सा पातळ, भाकरी चुरून खाता येईल असा. सोबत ज्वारीची नाहीतर कळण्याची भाकरी, कांदा, लिंबू, आणि तव्यावर तांदळाचं पीठ लावून नव्हे, नुसत्या तिखट-मिठात तळलेला एखादा तुकडा. कळण्याची भाकरी म्हणजे ज्वारी, उडीद आणि मीठ एकत्र दळलेलं पीठ. या रश्श्याला तिच्याइतकी जोड दुसऱ्या कशाची नाही. भात मागितला तर मिळतो, पण इथे पहिला मान त्याचा नव्हे.

या जागांचा हंगाम पाण्यावर चालतो, आणि पंचांगावरही. आषाढात, म्हणजे आखाडात, बसायला जागा नसते. श्रावण लागला की चुली थंड. त्या महिन्यात खान्देशात कानबाई बसते, घराघरांत रोट होतात आणि मांसमच्छीचं नाव निघत नाही. त्याच काळात हतनूरचे दरवाजे उघडलेले असतात, तापी-पूर्णेचं गढूळ पाणी धडधडत खाली जातं आणि जाळी काठावर वाळत पडतात. दसरा-दिवाळीनंतर पाणी निवळतं, थंडीत हतनूरच्या उथळ भागात परदेशी बदकं उतरतात, आणि दुर्बीण घेऊन आलेली पक्षीवेडी मंडळीही जेवायला याच छपराखाली येतात. उन्हाळ्यात पाणी आटतं, मासे आवळलेल्या जागेत येतात, मिळकत वाढते.

पण हा मासा आपोआप मिळत नाही, आणि जेवणाऱ्यांतल्या फार थोड्यांना हे माहीत असतं. रोहू, कटला, मृगळ हे मूळचे उत्तरेकडच्या, गंगेच्या खोऱ्यातले. वाहत्या, चढत्या पाण्यात ते अंडी घालतात. तळ्याच्या स्थिर पाण्यात घालत नाहीत. धरणाची भिंत आडवी आली की त्यांची वाट बंद होते. म्हणजे जलाशयात मासा हवा तर त्याचं बीज बाहेरून आणून सोडावं लागतं. हे बीज पूर्वी नद्यांतून गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यातल्या माशांना अंडी घालायला लावलं, आणि देशभरच्या धरणांचं चित्र पालटलं. म्हणूनच १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन आहे. हतनूरकाठी कटल्याचं डोकं चोखणाऱ्याने त्या नावाला एकदा नमस्कार करावा, असं मला मनापासून वाटतं.

आज बीज केंद्रात आधी जिरे तयार होतात, जिऱ्याएवढीच बारीक पिल्लं. ती वाढली की बोटुकली, बोटाएवढी. बोटुकली जलाशयात सोडली तर जगते. जिरे सोडले तर बहुतेक दुसऱ्या माशांच्या पोटात जातात. जलाशयात मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभाग देतो, बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेला, आणि बीज सोडण्याची जबाबदारीही ठेक्याबरोबर येते. जिथे संस्था जागी आहे तिथे बोटुकली वेळेवर पडते, बारीक आसाचं जाळं कुणी लावू लागला तर सभासदच त्याला अडवतात, आणि तिसऱ्या वर्षी कटला चार-पाच किलोचा होतो. जिथे संस्था कागदावरच राहते, तिथे पाव किलोचे मासे बाजारात येऊ लागतात. ताटातला तुकडा लहान झाला की संस्था झोपली आहे, असं खुशाल समजावं.

हतनूरला दुसरीही एक चिंता आहे, गाळाची. तापी आणि पूर्णा दोन्ही नद्या काळी माती घेऊन येतात आणि ती धरणात बसते. पाणी उथळ होतं, पाणवनस्पती वाढतात, जाळी अडकतात. गाळाची चर्चा नेहमी सिंचनाच्या आणि पिण्याच्या पाण्याच्या अंगाने होते. मासेमाराचंही त्यात नुकसान आहे, हे बोललं जात नाही.

पाण्याकाठच्या खाणावळींबाबत कोकणात काय होतंय ते बघण्यासारखं आहे. २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने गोव्याच्या धर्तीवर किनाऱ्यांवर कुटी, म्हणजे शॅक, उभारायचं धोरण आणलं. रत्नागिरीत गुहागर आणि आरे-वारे, सिंधुदुर्गात कुणकेश्वर आणि तारकर्ली, रायगडात वरसोली आणि दिवेआगर, पालघरमध्ये केळवा आणि बोर्डी असे आठ किनारे त्यासाठी निवडले. पुण्याजवळ उजनीच्या पाण्याकाठी भिगवणने तर धोरणाची वाट न बघता नाव कमावलं. पुणे-सोलापूर रस्त्याने जाणारा माणूस भिगवणला मासा खाल्ल्याशिवाय पुढे सरकत नाही. भिगवणचा मासा आणि हतनूरचा मासा एकाच जातकुळीचे. फरक एवढाच की भिगवण मोठ्या महामार्गावर आहे आणि तिथल्या माणसांनी मासळी बाजार उभा केला. आपल्याकडेही मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात. गिऱ्हाईक आहे, पाणी आहे, हात आहेत. कमी आहे ती बर्फाची, सांडपाण्याच्या सोयीची, बायकांसाठी स्वच्छतागृहाची आणि काठापर्यंत धड रस्त्याची. धरणक्षेत्राचे नियम पाळून, भिंतीपासून योग्य अंतर ठेवून, मच्छीमार संस्थांनाच अशी खाणावळ चालवायला दिली तर मधला नफा धरणाऱ्याच्या घरात राहील. मोठ्या भांडवलाच्या रिसॉर्टकडे ही जागा जाऊ नये. तिथे जाळं ओढणारा माणूस वेटर होऊन उभा राहील, आणि रश्श्यात काया मसाल्याऐवजी पाकिटातला मसाला पडेल.

तोपर्यंत आपण खाणाऱ्यांनी एवढं करावं. काठावर बसून सुरमई-पापलेट मागू नये. मागणी आली की ढाबेवाला ते शहरातून बर्फातलं आणून ठेवतो आणि शेजारच्या होडीतला मासा व्यापाऱ्याकडे जातो. थाई मांगूर कुणी देऊ केला तर नाही म्हणावं, त्याच्या पालनावर देशात बंदी आहे. बोटभर लांबीची रोहू-कटल्याची पिल्लं तळून मागू नयेत. जेवून अंगात सुस्ती असताना, त्यातून पिऊन तर मुळीच, पाण्यात उतरू नये. वरून स्थिर दिसणाऱ्या धरणाच्या पाण्याला खाली ओढ आणि गाळ असतो. पत्रावळी आणि बाटल्या पाण्यात टाकू नयेत. आणि गेल्या गेल्या यादी न मागता एवढंच विचारावं, "भाऊ, आज काय शे?" जे निघालं असेल ते खावं, आणि त्याची किंमत घासाघीस न करता द्यावी.